मदत हवी आहे: जुनी जिप्सी, व्हाळापलीकडचं घर आणि पावसापूर्वीचे अडीच महिने

नमस्कार मंडळी,

शिगमा परवाच संपला. मृगाला अडीच महिने उरलेत आणि तेवढ्यात मला एक जुनी मारुती जिप्सी, म्हणजे छोटी फोर बाय फोर जीप, पावसाला तोंड देईल अशी उभी करायची आहे. लिहिणं लांबेल, पण जागा कशी आहे ते कळल्याशिवाय सल्ला देणं तुम्हालाही कठीण.

आमचा वाडा सत्तरीत, वाळपईच्या पुढे, म्हादई अभयारण्याच्या कडेला. सात घरं, खाली कुळागरं, वर काजू. डांबरी रस्त्यावरून मातीची वाट सुटते ती दीड किलोमीटर उतरत व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, येते. व्हाळावर बुटका कॉजवे आहे, गाड्या त्यावरून जातात. तिथून शंभरेक पावलं वरच्या अंगाला साकव आहे, तो उंच आहे पण फक्त माणसांपुरता. साकवापासून घर चारशे मीटर. उन्हाळ्यात 108 ची रुग्णवाहिका थेट अंगणात येते. जून लागला की ती डांबरीवरच थांबते. मातीच्या वाटेवर घोटाभर तांबडा रेंदा आणि त्याखाली कडक जांभा, त्यामुळे चाक रुतण्याआधी आडवं घसरतं. वर्षाला 4000 मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस वाळपईला नवा नाही, तेव्हा वाट सुकण्याची वाट बघण्यात अर्थ नसतो.

23 जुलै 2021 ला म्हादईला जो पूर आला तो सत्तरीत कोणी विसरलेलं नाही. पैकुळचा पूल त्याच पुरात गेला. आमच्या कॉजवेवर छातीभर पाणी होतं आणि बाबांना पहाटेपासून जोराची धाप लागली होती. चौघांनी खुर्चीला दोन बांबू बांधले, बाबांना तीत बसवलं, साकवावरून पलीकडे नेलं आणि मग दीड किलोमीटर चढ, चिखलातून. रुग्णवाहिका वेळेवर येऊन उभी होती. तिच्यापर्यंत पोहोचायला आम्हाला तास लागला. बाबा वाचले. आता ते 76 वर्षांचे आहेत, शेजारच्या काकू त्याहून मोठ्या, आणि वाड्यावर यंदा एका सुनेला आठवा महिना ऐन जुलैत लागतोय. म्हणून ही गाडी. ती माझ्या नावावर असली तरी वाड्याची आहे असंच मी धरतो.

गाडी 2012 ची, 1.3 लिटर पेट्रोल, हार्डटॉप. थार आणि फोर बाय फोर बोलेरोही पाहिल्या. जिप्सी घेतली ती वजनासाठी: रिकामी गाडी हजार किलोच्या आसपासची, अडकली तर सहा माणसं ढकलून काढतील. शिवाय तिच्यात इलेक्ट्रॉनिक्स कमी, वाळपईतला मेकॅनिकही समजून उमजून हात घालू शकतो. पुराच्या पाण्यात बुडालेली नाही ना हे मी माझ्यापरीनं पाहिलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का ते बघितलं, गालिचा उचलला, फ्यूजबॉक्स उघडला, पुढच्या मागच्या डिफरन्शियलचं (दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचं) तेल काढून बघितलं. तेल काळं होतं पण दुधाळ नव्हतं, म्हणजे आत पाणी शिरलेलं नव्हतं.

फसलो ते दुसरीकडे. गाडी किनाऱ्यावरच्या गावात वाढलेली. चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, नवा काळा रंग होता, तो मला नीटनेटकेपणा वाटला. घरी आणून स्क्रू ड्रायव्हर टोचत गेलो तर मागच्या क्रॉस मेंबरला एका जागी तो आरपार गेला, आणि डावा मागचा पाटा (स्प्रिंग) जिथे टांगलेला असतो त्या हँगरपाशी पत्रा पापुद्र्यासारखा सुटला. विकणाऱ्यानं रंग मुद्दाम दिला की सवयीनं, ते मी आता उगाळत नाही. याशिवाय साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, आणि पुढच्या दोन्ही नकल्सवरून (पुढची चाकं वळतात त्या सांध्यांवरून) ग्रीस मिसळलेलं तेल ओघळतं.

हातात आहेत एक लाख वीस हजार.

आता सल्ले. एका गॅरेजवाल्यानं यादीच लिहून दिली: इलेक्ट्रिक विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढणारं यंत्र), स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी), रुंद मड टायर, दोन इंच लिफ्ट (गाडी उंच करणं), छतावर कॅरिअर आणि लाइटबार. बेरीज दोन लाखांच्या वर जाते, आणि त्या यादीत चासीचं नाव नाही. मला ते खटकलं, पण मी शेतकरी माणूस आहे, मेकॅनिक नाही. म्हणून इथे विचारतो.

चासीला ठिगळ मारून भागेल का? की हँगरचा भाग कापूनच काढायला हवा? आमच्या व्हाळासाठी स्नॉर्केल खरंच लागेल का, आणि डिफरन्शियलचे ब्रीदर वर घेतात म्हणजे नेमकं काय करतात? रुंद टायर चांगले की मूळ मापाचे? विंचवर चाळीसेक हजार घालावेत का? आणि सगळ्यात महत्त्वाचं: मागची बाकं काढून सहा फुटी फळी बसवायचा माझा बेत आहे, म्हणजे माणसाला आडवं झोपवून नेता येईल. त्यासाठी पुढची डावी सीटही काढावी लागेल. कोणी असं केलंय का?

पाऊस सरल्यावर हीच गाडी घेऊन चोर्ल्यातून बेळगाव, खानापूरला आत्याकडे, दांडेली, तिळारी असं फिरायचंही आहे. समुद्राच्या वाळूत घालायची नाही. गोव्यात ते बेकायदा आहे आणि मला हौसही नाही. फिरण्यासाठीचं सामान पुढच्या वर्षी घेतलं तरी चालेल.

प्रतिसाद: दूधसागरवाट

बाब, मी कुळ्याचा. दूधसागरला जीप नेण्यात वीस वर्षं गेली. तुमच्या यादीवाल्याला बाजूला ठेवा.

पहिलं काम वेल्डिंग. ठिगळावर ठिगळ नको, दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी बसतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच परत कुजतं. हँगरपाशी लोखंड वाजेपर्यंत, म्हणजे हातोडीनं ठोकल्यावर खणखणीत आवाज येईपर्यंत कापत जा, मग मूळ जाडीचीच प्लेट तोंडाला तोंड लावून जोडा. बॅटरी सोडवा, इंजिन कंट्रोलरचा प्लग काढा, मगच वेल्डिंग. नंतर चासीच्या पोकळीत आतून गंजरोधक मेण फवारून घ्या. गंज आतून बाहेर येतो, बाहेरचा रंग त्याला अडवत नाही. आणि ओढायचे हुक त्या कुजक्या क्रॉस मेंबरवर असतील तर आज कोणालाही दोर लावू देऊ नका. ताणाखाली हुक सुटला तर तो गोळीसारखा येतो.

थरथर बहुतेक किंग पिनच्या, म्हणजे नकल ज्यावर वळतो त्या खिळीच्या, बेअरिंगची. नकल उघडावाच लागणार, तेव्हा ऑइल सील, वायपर सील आणि बेअरिंग एकदमच बदला. मजुरी एकदाच लागेल. चाकांच्या बेअरिंगमध्येही त्याच वेळी नवं ग्रीस भरा. पुढच्या फ्री व्हील हबचे नॉब हातानं फिरतात का ते बघा. वर्षानुवर्षं न वापरता घट्ट बसतात आणि चिखलात कळतं की पुढची चाकं फिरतच नाहीत.

ब्रीदरचं कारण साधं आहे. चालून गरम झालेलं डिफरन्शियल थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. ब्रीदरला (हवा आत-बाहेर जायच्या तोंडाला) नळी लावून ती बॉनेटखाली उंचावर नेली की पाण्याऐवजी हवा ओढली जाते. नळी आणि क्लिपांचा खर्च हजारभरात बसतो. मागचं, पुढचं, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस, चारही करा.

टायर मूळ रुंदीचेच घ्या, ऑल टेरेन. तुमच्याकडे चिखलाखाली जांभा आहे, अरुंद टायर रेंदा कापून खालचा दगड धरतो. रुंद टायर वर तरंगतो आणि मग गाडी आडवी जाते. हलकी गाडी आहे, चिखलात हवा 18 पीएसआयवर आणा, डांबरीवर आलात की परत भरा. म्हणून विंचऐवजी चांगला कॉम्प्रेसर घ्या. विंच नाकावर तीसेक किलो टाकते, बॅटरी खेचते, आणि अडकलेली जिप्सीसारखी हलकी गाडी हातविंचनंही निघते. झाडाला दोर लावताना रुंद पट्टा वापरा, नाहीतर माडाची साल जाते.

आता व्हाळाचं. दूधसागरच्या वाटेवर आम्ही नदीचं पाणी तुडवतो ते ऑक्टोबरनंतर. पावसात आम्हीही बंद असतो. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर आलं की गाडी उचलली जाते, मग स्नॉर्केल असो नसो. तुमचा दीड किलोमीटर चिखल हे गाडीचं काम आहे. व्हाळ नाही. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की गाडी कॉजवेच्या पलीकडे, डांबरीच्या बाजूला, उंचावर नेऊन लावा. माणसाला साकवावरून आणा आणि तिथे गाडीत घ्या. किल्ली दोन घरांत ठेवा आणि वाड्यावर तिघांना तरी लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये) चढायला शिकवा.

प्रतिसाद: डिचोलीची परिचारिका

दादा, फळी बसवण्याआधी थोडं थांबा. बाबांना धाप लागते असं तुम्ही लिहिलंय. दम लागलेल्या माणसाला आडवं झोपवलं की त्याचा त्रास वाढतो. त्याला टेकून बसवायचं असतं, पाठीमागे आधार देऊन. तुमच्या माणसांनी तेव्हा खुर्चीत बसवून नेलं, ते अगदी बरोबर केलं होतं. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत सपाट उताणं ठेवू नका, डाव्या कुशीवर ठेवा.

साप चावला असेल, आणि कुळागरात तो धोका मोठा, तर माणसाला हलू द्यायचं नाही. चावलेला हात किंवा पाय काठीला सैलसर बांधून स्थिर करायचा, करकचून दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, आणि थेट इस्पितळात. मणक्याला मार लागल्याची शंका असेल, उदाहरणार्थ माडावरून पडलेला माणूस, तर मात्र सपाट फळी हवीच, आणि घाई न करता चार जणांनी एकदम उचलायला हवं.

म्हणून पुढची सीट काढू नका. मागचं एक बाक ठेवा, दुसरं उचलता येईल असं करा. सुटी फळी आणि चार पट्टे गाडीत असू द्या. पट्टे चासीला बोल्ट केलेल्या कड्यांना अडकले पाहिजेत. निघतानाच 108 ला फोन करून सांगा की रुग्ण डांबरीपर्यंत तुम्ही आणताय. वाळपईहून बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ पंचेचाळीसेक किलोमीटर आहे. तो प्रवास ऑक्सिजन असलेल्या गाडीतून व्हावा, जिप्सीतून नको.

प्रतिसाद: गोवा04

कागदांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. गाडी 2012 ची, म्हणजे 15 वर्षं 2027 ला भरतील आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती तपासणीला न्यावी लागेल. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितलं. बुलबार डिसेंबर 2017 पासून बंद आहेत. लिफ्ट आणि लाइटबारवर पैसे घालून तेच उतरवायला परत पैसे देऊ नका. खासगी गाडीवर सायरन किंवा रुग्णवाहिकेचा दिवाही चालत नाही.

धागाकर्ता

ताई, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, त्या दिवशी मला झोपवलं असतं तर मी उठलोच नसतो. फळीचा बेत बदलला. सुतार जुन्या फणसाची सुटी फळी करून देतोय.

कुळेकर बाब, गाडी पलीकडे लावायची हे एवढ्या वर्षांत आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. कॉजवेच्या पलीकडे वरच्या अंगाला सरकारी पडीक तुकडा आहे, पंचायतीला अर्ज देतोय की पावसाचे चार महिने तिथे पत्र्याची शेड घालू द्या. कुठल्या खात्याची परवानगी लागेल हे कोणी करून पाहिलं असेल तर सांगा. अभयारण्याची हद्द तिथून जवळ आहे.

सोमवारी गाडी वेल्डिंगला जातेय. कापल्यावर आत काय निघतं त्याचे फोटो टाकतो. प्लेटची जाडी आधी मोजून घेईन. देव बरें करूं.