प्रतिसाद: शिबिरानंतरचं काय?
मधुमेह तपासणीची शिबिरं भरवली की गावातली शुगर आटोक्यात येते, असं काहींचं मत. त्याच्याशी मी अर्धाच सहमत. खरं काम नंतरचं. आशाताई तिशीवरच्यांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे मधुमेहासारख्या आजारांचा धोका कुणाला ते हेरणारी प्रश्नावली, भरतात. वय, कमरेचा घेर, तंबाखू-दारू, घरातला मधुमेह वगैरेंचे गुण ४ च्या वर गेले की तपासणीला आधी नंबर. पण कापूस वेचणीत दुपारी घरी सापडणार कोण? पहाटे जा, उपाशीपोटीची शुगरही तेव्हाच मिळते. ती १२६ किंवा त्याहून वर आली, पण त्रास काही नाही, तर एकाच चाचणीवर मधुमेहाचा शिक्का मारू नका, पुन्हा तपासा. अन् 'ज्वारीची भाकर कितीही खा' म्हणणाऱ्यांनो, त्यातही पिष्टच (स्टार्च) असतं, त्याचीही साखरच होते बाप्पा! मधुमेहाच्या गोळ्या मात्र महिन्याभराच्या एकदम जवळच्या आरोग्य उपकेंद्रातच मिळाव्यात. तालुक्याला गेलं की मजुरी बुडते.