लाइव्हसाठी सॅम्पल लायब्ररी: पेडलवर चरचर, पॅच बदलताना खंड

प्रश्न
नाट्यसंगीताचा कार्यक्रम आहे, कोथरूडला. विंडोज लॅपटॉप, 16 जीबी रॅम, कॉन्टॅक्टमध्ये (सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्ड केलेले स्वर वाजवणारं सॉफ्टवेअर) पियानो, ऑर्गन, स्ट्रिंग्ज. बफर (आवाज तयार करायला लॅपटॉपला मिळणारी उसंत) 128, सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झ. पेडल दाबून ठेवलं की चरचर येते आणि पॅच (वाद्याचा आवाज) बदलताना 3-4 सेकंद आवाजच नाही. शिवाय गायकाची पट्टी काळी एक, गायिकेची काळी पाच. ट्रान्सपोज (पट्टी सरकवणं) कुठे करावं?

उत्तर 1
पॅच ऐनवेळी डिस्कवरून लोड होतोय, म्हणून खंड पडतो. तिन्ही वाद्यं एकाच मल्टीत (अनेक वाद्यांच्या मांडणीत), वेगवेगळ्या मिडी (कीबोर्डच्या संदेशांच्या) चॅनलवर आधीच लोड करा आणि स्टेजवर फक्त चॅनल बदला. लायब्ररी एसएसडीवरच हवी.
चरचरीचं कारण बहुधा व्हॉइसेस, म्हणजे एकाच वेळी वाजणारी सॅम्पल्स. पेडल खाली असेपर्यंत जुने स्वर सुटत नाहीत, त्यावर नवे चढतात. पियानोचे मॅक्स व्हॉइसेस 80 वर आणा, रिलीज (कळ सोडतानाचा आवाज) आणि रेझोनन्स (तारांची गुंज) सॅम्पल्स बंद करा. ताफ्यासोबत ती ऐकूही येत नाहीत. तरी चरचर राहिली तर बफर 256. उशीर 2.7 चा 5.3 मिलिसेकंद होईल, म्हणजे स्पीकर जेमतेम मीटरभर लांब नेल्यासारखं.

उत्तर 2
बफरला हात लावण्याआधी चार्जर बघा. बॅटरीवर प्रोसेसर मंदावतो. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, वायफाय-ब्लूटूथ बंद. चार्जर लावल्यावर हम (घूं असा आवाज) आला तर डीआय बॉक्सचं (लॅपटॉपचा आवाज मिक्सरला जोडणाऱ्या पेटीचं) ग्राउंड लिफ्ट बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, जिवावर बेतेल.

उत्तर 3
ट्रान्सपोज सॅम्पलरच्या ट्यून नॉबने नको. त्याने सॅम्पलच ताणलं जातं आणि ऑर्गनच्या पत्तीच्या नादाचा रंग बदलतो. मिडी सॅम्पलरमध्ये शिरण्याआधी सरकवा, म्हणजे प्रत्येक स्वराला त्याचंच सॅम्पल वाजतं. काळी एकची बोटं ठेवून काळी पाच हवी तर उणे 3. दोन धोके आहेत: स्ट्रिंग्जचे कीस्विचही (वादनाची पद्धत बदलणाऱ्या कळा) सरकतात, म्हणून ते ट्रान्सपोजमधून वगळा; आणि स्वर दाबलेला असताना बदल केला तर त्याचा नोट-ऑफ (स्वर थांबवण्याचा संदेश) चुकतो, स्वर अडकून बसतो. सगळे स्वर बंद करणारं पॅनिक बटण हाताशी असू द्या.
ऑर्गनची व्हेलॉसिटी (कळ दाबण्याचा जोर) एकाच आकड्यावर, साधारण 100 वर बांधा. पायपेटीत, म्हणजे पायाने भाता मारायच्या ऑर्गनमध्ये, जोर भात्याच्या हवेचा असतो, बोटाच्या ठोक्याचा नाही. तो जोर एक्स्प्रेशन पेडलने, मिडीच्या सीसी 11 या कंट्रोलवर द्या. नाट्यपदाला ऑर्गनचा श्वास हवाच.

प्रश्नकर्ता
व्हॉइसेस 80 आणि रिलीज बंद केल्यावर 128 वरच चरचर थांबली. कीस्विच वगळायचे बाकी आहेत, ते आज करतो.