दहा वर्षांखालच्या मुलांचा पहिला कन्सोल : निंटेंडो स्विच की एक्सबॉक्स सिरीज एस?

अनुजा_ठाणे

दहा वर्षांखालच्या मुलांसाठी पहिला कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्याचे यंत्र, घ्यायचा असेल तर तो निंटेंडोचा स्विच असावा, आणि त्यातही टीव्हीला जोडता येणारा, २०१७ साली आलेला मूळ स्विच असावा, असे माझे ठाम मत आहे. आमच्याकडे साडेपाच वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा आहे. ज्या ज्या दुकानात चौकशी केली तिथे विक्रेत्याने आधी मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एसच पुढे केला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मूळ स्विचच्या खोक्यातच ज्यॉय-कॉनची, म्हणजे सुट्या होणाऱ्या छोट्या कंट्रोलरची, जोडी असते आणि ती सोडवून एकेक आडवा धरला की दोन मुले तिथल्या तिथे खेळू लागतात. सिरीज एस किंवा प्लेस्टेशन ५ बरोबर एकच कंट्रोलर मिळतो. दोन भावंडांच्या घरात याचा परिणाम काय होतो हे सांगायला नको. शिवाय तो मोठ्या माणसाच्या पंजाच्या मापाचा असतो. माझ्या भाच्याकडे मुलीने तो धरून पाहिला तेव्हा मागच्या ट्रिगरपर्यंत बोट नेताना तिचा अंगठा पुढच्या दांडीवरून (पात्र हलवण्याच्या छोट्या खुंटीवरून) दर वेळी निसटत होता.

दुसरे कारण खेळांचे. ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’मध्ये गाडी आपोआप पुढे जाण्याची आणि रस्त्याबाहेर न जाण्याची सोय आहे. ती चालू असली की गाडीच्या मागे छोटी अँटेना दिसते, आणि ती प्रत्येक खेळाडूपुरती वेगळी चालू-बंद करता येते. त्यामुळे धाकटी मदतीने आणि थोरला मदतीशिवाय, दोघेही एकाच शर्यतीत उतरू शकतात. ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’मध्ये योशी किंवा नॅबिट हे पात्र घेतले तर शत्रूचा धक्का लागून खेळाडू बाद होत नाही, मात्र खड्ड्यात पडायचे ते पडतोच.

स्विच लाइट, म्हणजे फक्त हातात धरून खेळायचा छोटा स्विच, मात्र घेऊ नये. तो टीव्हीला जोडताच येत नाही, म्हणजे मूल पुन्हा कोपऱ्यात मान खाली घालून बसणार. मग मोबाइलने काय बिघडवले होते?

मंदार_पुणे

अनुजाताई, तुमचे खेळांचे विवेचन मान्य आहे, परंतु आपण भारतात राहतो याचा तुम्हाला विसर पडलेला दिसतो. निंटेंडो आपल्या देशात अधिकृतपणे कन्सोल विकत नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जो मिळतो तो बाहेरून आणलेला माल असतो, त्यावर वॉरंटी असली तर ती दुकानदाराच्या शब्दावर, आणि निंटेंडोच्या ऑनलाइन दुकानात भारताचा पर्याय नसल्यामुळे खाते दुसऱ्या देशाच्या नावाने काढावे लागते. सिरीज एस १० नोव्हेंबर २०२० रोजी जगाबरोबरच भारतातही ३४,९९० रुपयांना अधिकृतपणे आला. पावती मिळते, सेवा मिळते आणि गेम पास या एक्सबॉक्सच्या योजनेच्या मासिक वर्गणीत शेकडो खेळ येतात. स्विचचा एकेक नावाजलेला खेळ काही हजारांना घेण्यापेक्षा हा हिशेब मध्यमवर्गीय घराला अधिक परवडतो.

आणि ज्यॉय-कॉनच्या दांड्यांचा दोष जगजाहीर आहे. हात न लावता पात्र एकीकडे सरकत राहते, यासाठी निंटेंडोच्या अध्यक्षांना २०२० साली भागधारकांसमोर दिलगिरी व्यक्त करावी लागली होती.

अनुजा_ठाणे

मंदारराव, शेकडो खेळ हीच मला अडचण वाटते. पाच वर्षांचे मूल एक खेळ दहा मिनिटे पाहते, अवघड गेला की सोडते आणि पुढचा मागते; पुन्हा पुन्हा हरून शिकण्यापर्यंत ते पोहोचतच नाही. सिरीज एसमध्ये डिस्क घालायची सोय नाही, त्यामुळे विकत घेतलेला खेळ कंटाळा आल्यावर कोणाला देताही येत नाही. स्विचचा खेळ ज्या छोट्या कार्डावर येतो ते ओळखीत विकता येते किंवा शेजाऱ्यांशी बदलून घेता येते. मुलांनी ते गिळू नये म्हणून त्यावर कडू लेप दिलेला असतो. माझ्या मुलीने मैत्रिणीच्या घरी त्याची चव घेऊन पाहिली आणि त्यानंतर कार्ड तोंडात गेलेले नाही.

चिपळूणचे_मास्तर

निवृत्त शिक्षक म्हणून थोडे वेगळे मत मांडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे, आणि तो जितका कमी तितका चांगला असेही म्हटले आहे. तुमची मुलगी त्या वयातून नुकतीच बाहेर पडली आहे. कन्सोल कोणता, यापेक्षा तो आत्ताच का, हा प्रश्न आधी सुटायला हवा.

दुसरे असे की यांपैकी बहुतेक खेळ मराठीत नाहीत. मराठी शाळेत पहिलीत जाणारे मूल पडद्यावरची इंग्रजी वाक्ये कशी वाचणार? पोकेमॉनसारख्या खेळात तर पावलोपावली संवाद आहेत. वाचता येत नाही म्हणून मूल बटण दाबत सुटते आणि त्यालाच आपण खेळणे म्हणतो. वाचनाची गोडी लागेपर्यंत, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, थांबल्याने काहीही बिघडत नाही.

सीमा_न्यूजर्सी

मास्तरांचा वाचनाचा मुद्दा अगदी रास्त आहे, परंतु त्यावरून खेळ निवडावेत, कन्सोल नाकारू नये. मारिओ कार्टमध्ये वाचण्याजोगे फारसे काहीच नसते. वेळेचे म्हणाल तर निंटेंडोच्या पालकांसाठीच्या अॅपमधून रोजची मर्यादा घालता येते. मात्र मर्यादा संपल्यावर आपोआप फक्त सूचना दिसते, खेळ खरोखर थांबायला हवा असेल तर ती सोय वेगळी चालू करावी लागते. बरेच पालक हे करत नाहीत आणि अॅप निरुपयोगी आहे म्हणतात. मी स्वतः घड्याळापेक्षा शर्यती मोजते. मारिओ कार्टच्या एका कपात, म्हणजे एका स्पर्धेत, चार शर्यती असतात, तो संपला की टीव्ही बंद. मधूनच खेळ तोडला तर जी रडारड होते ती यात होत नाही.

अनुजाताईंना एक सावधगिरीची सूचना : जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ च्या काही कार्डांवर खेळ नसून केवळ किल्ली असते, बाकी सर्व इंटरनेटवरून उतरवावे लागते. कार्डाची देवघेव तरीही करता येते, परंतु जुन्या स्विचवर ती चालत नाहीत. इथल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत स्विचचे खेळ पुस्तकांसारखे घरी नेता येतात, त्यामुळे खर्चाची बाजू तुमच्यापेक्षा मला सोपी आहे, हेही मान्य करते.

मंदार_पुणे

न्यू जर्सीच्या ग्रंथालयाचा ठाण्यातल्या घराला काय उपयोग? दोन वर्षांनी दांडी सरकू लागली तर दुरुस्तीसाठी कोणाकडे जाणार, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

अनुजा_ठाणे

त्याचे उत्तर खर्चात आधीच धरले आहे. सुट्या दांड्या बाजारात मिळतात, मोबाइल दुरुस्त करणारा बरा कारागीर त्या बदलून देतो, आणि तरीही नाही जमले तर नवी जोडी घ्यावी लागेल. सिरीज एस घेतला असता तर दुसऱ्या कंट्रोलरसाठी पहिल्याच दिवशी पैसे मोजावे लागले असते. मास्तरांचे म्हणणे मात्र अर्धे मानते : धाकटीला सध्या फक्त शनिवार-रविवार, आणि तेही भावाबरोबर हॉलमध्येच.

चिपळूणचे_मास्तर

शनिवार-रविवारचे बंधन थोरल्यालाही लावा. धाकटी सोमवारी त्याला खेळताना पाहील, तेव्हा तुमचा नियम तिथेच मोडेल.