पार्टीत नेमकं काय कमी आहे? क्लास निवडल्याचे अनुभव सांगा

डंजन्स अँड ड्रॅगन्स असो, पाथफाइंडर असो की टेबलावर फासे टाकत पात्र रंगवायचा दुसरा कुठला खेळ, नवीन कॅम्पेनमध्ये (अनेक बैठका चालणाऱ्या कथेत) शेवटी सामील होणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "बाकीच्यांनी काय काय घेतलंय?" त्यावरून आपण कोणता क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, घ्यायचा ते ठरतं. कधी ते जमून जातं, कधी पाच सेशननंतर कळतं की पोकळी भलतीकडेच होती. तुम्ही पार्टीकडे (एकत्र खेळणाऱ्या पात्रांच्या टोळीकडे) बघून क्लास निवडला असेल तर काय घेतलंत, का घेतलंत आणि पटावर पुढे काय झालं, ते सविस्तर लिहा. सुरुवात माझ्यापासून; प्रत्येक * नंतर दुसऱ्या कोणाचं तरी उत्तर.

माझ्या पहिल्या पार्टीत बार्बेरियन (रागात लढणारा), रोग (चोर), रेंजर (माग काढणारा तिरंदाज) आणि विझर्ड (जादूगार) होते. सगळे एका सुरात म्हणाले, "हीलर नाहीये, तू क्लेरिक घे." क्लेरिक म्हणजे देवाच्या बळावर जादू करणारा. मी घेतला. पहिली तीन सेशन्स मी दर टर्नला धावत जाऊन कोणाला तरी हात लावून क्युअर वूंड्स हा जखमा भरणारा स्पेल (मंत्र) टाकत होते. आमचे नियम २०१४ चे, त्यात पहिल्या लेव्हलच्या स्लॉटला (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एकीला) एक डी८, म्हणजे आठ बाजूंचा फासा, अधिक माझे ३, म्हणजे सरासरी साडेसात हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचे गुण). समोरच्या ओगर राक्षसाच्या एका फटक्याची सरासरी १३. मी भरत होते त्याच्या जवळजवळ दुप्पट तो एका वारात काढून घेत होता, आणि माझे स्लॉट संपत होते.

चौथ्या सेशनला मी पहिल्याच राउंडला ब्लेस टाकला. तिघांच्या प्रत्येक हल्ल्यात आणि सेव्हिंग थ्रोमध्ये (संकट टाळायच्या फाशात) एक डी४ जास्त. रेंजरचे बाण जे एकदोनने हुकायचे ते लागायला लागले आणि लढाई दोन राउंड आधी संपली. मग पुलावरचा प्रसंग आला. रोग शून्यावर पडला होता, दोन डेथ सेव्ह (मरण टाळायचे फासे, तीन हुकले की पात्र मेलं) गेले होते, तिसरा त्याच्या पुढच्या टर्नला. मी पन्नास फूट लांब. हीलिंग वर्ड साठ फुटांवरून लागतो, नुसत्या शब्दाने, आणि टर्नमधल्या जादाच्या छोट्या कृतीत, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये. डी४ वर एक पडला, अधिक तीन, एकूण चार हिट पॉइंट. चारच, पण तो उठला, सरपटत बाहेर आला. माझी अ‍ॅक्शन शिल्लक होती, तिच्यात सेक्रेड फ्लेम हा मारा करणारा स्पेल टाकला. त्या दिवशी मला कळलं की पार्टीला जखमा भरणारा माणूस नको होता. पडलेल्याला उठवणारा आणि बाकीच्या वेळात सगळ्यांचे वार लागतील असं करणारा माणूस हवा होता. क्लास तोच, पण मी करायचं काम पूर्ण वेगळं निघालं.

*

मी बरीच वर्षं डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आहे, म्हणून पडद्यामागून लिहितो.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ आला तेव्हा क्लास तीनच होते: लढणारा, जादू करणारा आणि क्लेरिक. चोर आला पुढच्या वर्षी, ग्रेहॉक या पुरवणीत. तेव्हापासून "चौघं हवेतच" हा हिशोब लोकांच्या डोक्यात बसला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर प्रत्येक क्लासवर भूमिका छापूनच दिली: डिफेंडर (अडवणारा), स्ट्रायकर (मारा करणारा), लीडर (साथ देणारा), कंट्रोलर (मैदान ताब्यात ठेवणारा). २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्या पाट्या काढल्या, तरी खेळाडू अजून त्याच भाषेत बोलतात.

सेशन झिरोला (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत) मी क्लास विचारतच नाही. मी विचारतो, "लढाई सुरू झाली, पहिल्या राउंडला तुझं पात्र कुठे उभं आहे?" एकदा वॉरलॉक आणि सॉर्सरर (दोघेही जादूगार), रेंजर आणि बार्ड (गाण्यातून जादू करणारा) अशी पार्टी होती. चौघांचं उत्तर एकच: "मागे." कागदावर ही पार्टी उत्तम. हीलिंग बार्डकडे, पाळत ठेवायला रेंजर, मारा भरपूर. पण पहिल्याच लढाईत दोन लांडगे सरळ सॉर्सररपर्यंत पोचले, कारण त्यांना अडवायला वाटेत कोणीच नव्हतं.

पाचवी खेळाडू आली तेव्हा तिला मी फक्त हा प्रसंग सांगितला, क्लास सुचवला नाही. तिने ढालवाला फायटर आणला, सेंटिनेल फीटसह (फीट म्हणजे पात्राचं खास कसब). त्या फीटमुळे पुढून निसटणाऱ्या शत्रूवर वार लागला की त्याचा वेग त्या टर्नपुरता शून्य होतो. तिचं पात्र एका वाक्यात सांगायची तर "इथून पुढे जायचं नाही". पुढचे सहा महिने बाकीचे चौघे जे हवं ते करू शकले, ते तिच्यामुळे.

*

लहानसा अनुभव. आम्ही तिघांनीही रोग घेतला, मुद्दाम नाही, कोणी कोणाला सांगितलंच नव्हतं. बदलायचं का यावर अर्धा तास बोललो आणि तसेच खेळलो. स्नीक अटॅकला, म्हणजे रोगच्या जादा इजा करणाऱ्या वाराला, एकतर अ‍ॅडव्हान्टेज (दोन डी२० टाकून जास्त आकडा घेणं) लागतो, किंवा लक्ष्याच्या पाच फुटांत आपला कोणीतरी साथीदार. तिघे मिळून एकावर गेलो की ती अट आपोआप पूर्ण. अवघड फक्त एक गोष्ट होती, प्रत्येकाने वेगळं कौशल्य धरणं. एकाने एक्स्पर्टीज (खास प्रावीण्य) कुलपं आणि चोरपावलांत घेतली, एकाने फसवणूक आणि मन वळवण्यात, मी तपास आणि निरीक्षणात. एकच क्लास असला तरी माणसं तीन झाली. हीलिंगसाठी औषधाच्या बाटल्या होत्या, त्या पुरल्या.

*

मला रोगनेच धडा दिला, त्यामुळे वरचं वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे पॅलाडिन (शपथ घेतलेला योद्धा), फायटर आणि फोर्ज (लोहारकामाच्या देवाचा) क्लेरिक होते. तिघेही जड चिलखतात. "चोर कोणी नाही," म्हणून मी रोग घेतला. कागदावर मी अगदी बरोबर जागा भरली होती. प्रत्यक्षात काय झालं? जड चिलखतामुळे त्या तिघांना लपताना डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन डी२० टाकून कमी आकडा घ्यायचा. त्यामुळे पुढे जायची मी एकटीच. किल्ल्यात शिरले, पहारे मोजले, किल्ली उचलली, आणि तेवढा सगळा वेळ समोर बसलेले तिघे गप्प. एक जण कागदावर चौकोन काढत होता. मी वर मान करून पाहिलं तेव्हा मला माझ्या यशाचा आनंद होईना. मी पार्टीची उणीव भरली होती की पार्टीपासून वेगळी झाले होते?

आणि एकदा मी पकडले गेले तेव्हा माझ्यापर्यंत पोचायला त्यांना चार राउंड लागले.

डीएमशी बोलून मी पात्र बदललं आणि ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) आणला. त्याचं कारण एकच स्पेल: पास विदाउट ट्रेस. दुसऱ्या लेव्हलचा, एक तास टिकतो, कॉन्सन्ट्रेशन लागतं (लक्ष मोडलं की स्पेल संपतो), आणि माझ्या तीस फुटांतल्या सगळ्यांना लपण्यात अधिक दहा. खणखणत चालणारा पॅलाडिनसुद्धा पहाऱ्यासमोरून सरकला. आम्ही चौघे एकत्र त्या भिंतीला चिकटून उभे होतो, श्वास रोखून, आणि टेबलावरही कोणी बोलत नव्हतं, पण या वेळी सगळे आत होते. ती शांतता मी विसरणार नाही.

कुलपांचं काय, असं विचाराल. फायटरची पार्श्वभूमी क्रिमिनल होती, त्यातून त्याला चोराच्या हत्यारांची प्रोफिशियन्सी (तरबेजी) आधीच मिळालेली. आम्ही कोणी त्याची शीट (पात्राच्या माहितीचा कागद) वाचलीच नव्हती. पार्टी बघून क्लास निवडणाऱ्यांना माझी एवढीच विनंती: क्लासची नावं विचारून थांबू नका, पार्श्वभूमी आणि कौशल्यंही विचारा. जागा रिकामी वाटते ती पुष्कळदा आधीच कोणीतरी भरलेली असते.

*

विश्रांतीबद्दल कोणीच लिहिलेलं नाही, आणि आमची पार्टी त्याच्यावरून रुसली होती.

मी विझर्ड, बाकीचे वॉरलॉक, माँक (हातापायांनी लढणारा साधू) आणि फायटर. वॉरलॉकचे स्लॉट थोडे, पण तासाभराच्या शॉर्ट रेस्टमध्ये परत येतात. माँकचे "की" पॉइंट (खास चालींसाठीचे गुण) तसेच, फायटरचा अ‍ॅक्शन सर्जही (जादाची एक कृती) तसाच. माझे स्लॉट मात्र जवळजवळ सगळे आठ तासांच्या लाँग रेस्टनंतरच. ते तिघे तासभर बसून ताजे व्हायचे आणि पुढचं दार उघडायचे, तेव्हा माझ्याकडे एखाददुसरा स्लॉट उरलेला. मी म्हणायचो, "थांबूया, मुक्काम करूया." त्यांना वाटायचं मी कच खातोय.

तोडगा असा निघाला की मी मोठे धमाके सोडून दिले. फायरबॉल पाठ होता तरी दिवसातून एकदाच. बाकी स्लॉट एक लढाईभर टिकणाऱ्या गोष्टींना: वेब (शत्रूला अडकवणारं जाळं), हेस्ट (साथीदाराला वेग देणारा). हेस्ट फायटरवर टाकला की एका स्लॉटमध्ये माझी लढाई झाली, पुढे कँट्रिप (स्लॉट न लागणारे स्पेल). आर्केन रिकव्हरीने दिवसातून एकदा शॉर्ट रेस्टमध्ये थोडे स्लॉट परत यायचे, तो त्यांच्या विश्रांतीशी जोडून घेतला. आता नवीन पार्टीत जाताना कोणाची ताकद कोणत्या विश्रांतीला भरते हे मी आधी विचारतो. जिथे सगळे शॉर्ट रेस्टवाले असतील तिथे वॉरलॉक घेणं मला जास्त मनाजोगं वाटतं.

*

पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती खेळणाऱ्यांसाठी. २०१९ ला ती आली तेव्हा आम्ही जुन्या सवयीने "क्लेरिक कोण?" म्हणून अडून बसलो होतो. शेवटी क्लेरिक न घेता निघालो. माझ्या माँकने मेडिसिन कौशल्य घेतलं आणि उपचाराची पेटी. ट्रीट वूंड्सला दहा मिनिटं लागतात, १५ ची डीसी (फाशावर गाठायचा आकडा), जमलं तर दोन डी८ परत येतात, मग त्या माणसावर तासभर पुन्हा करता येत नाही. एका लढाईनंतर दहा मिनिटं मिळाली की आम्ही पुढे निघायला तयार. लढाई चालू असताना मात्र याचा उपयोग नाही, तिथे आम्हाला खरंच जड गेलं आणि दोनदा पळून जावं लागलं.

*

मी हौसेने नाही, भिडेपोटी क्लेरिक खेळले. सलग दोन कॅम्पेन. दर वेळी कोणीतरी म्हणायचं, "तुला छान जमतो." दुसऱ्या कॅम्पेनच्या शेवटी सेशनच्या दिवशी सकाळी मला जाऊच नये असं वाटायला लागलं. तेव्हा मी सांगितलं की मला बार्बेरियन खेळायचाय, रागात धावत जायचंय, डी१२ टाकायचाय. कोणी नाही म्हटलं नाही. मी आधी बोललेच नव्हते, त्यांना कळणार कसं? हीलिंगचं काम तिघांनी वाटून घेतलं: रेंजरकडे गुडबेरी, पॅलाडिनकडे ले ऑन हँड्स, रोगने हीलर फीट घेतलं. मी आजही बार्बेरियनच आहे.

*

वरचा हा अनुभव वाचून आमची विझर्ड आठवली.

पार्टी पाचव्या लेव्हलला होती. मी पॅलाडिन, बाकी ड्रुइड, बार्ड आणि विझर्ड. क्लेरिक नको असं ठरलेलं होतं, कारण हीलिंग तिघांकडे होतं आणि ते खरंच पुरत होतं. पाताळातल्या एका दालनात विझर्ड पडली. पहिला डेथ सेव्ह गेला. बार्डचे आणि माझे स्लॉट संपलेले, ले ऑन हँड्सही संपलेलं, ड्रुइड दाराच्या पलीकडे अडकलेला. शत्रू तिच्या शेजारीच होता. शून्यावर पडलेल्यावर पाच फुटांतून वार लागला की तो क्रिटिकल, म्हणजे एकदम दोन फेल्युअर. एक अधिक दोन. संपलं.

आमच्या पिशवीत तीनशे सोनेमोहरांचा हिरा होता, मागच्या लुटीतला. रिव्हिव्हिफाय या मेलेल्याला उठवणाऱ्या स्पेलला नेमका तेवढाच हिरा लागतो आणि मृत्यूनंतर एक मिनिट हातात असतं. पण तो स्पेल टाकणार कोण? आमच्या नियमांत तो क्लेरिकला पाचव्या लेव्हलला मिळतो, पॅलाडिनला नवव्या. ड्रुइडला नाहीच. त्या मिनिटाचे दहा राउंड आम्ही मोजले. तिने आपली शीट दुमडून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "ठीक आहे, चांगलं मेली." तिचा आवाज मात्र ठीक नव्हता.

नंतर सगळे तिलाच म्हणायला लागले की आता क्लेरिक आण. मला ते पटलं नाही. मेली ती, आणि उणीव भरायचीही तिनेच? तिला पुन्हा विझर्डच खेळायचा होता, जादूच्या वेगळ्या शाखेचा, इल्यूजनचा (भ्रम निर्माण करणारा). मी हट्ट धरला की बदल बाकीच्यांनी करायचा. आमचा बार्ड कॉलेज ऑफ लोअर या उपप्रकारचा. सहाव्या लेव्हलला त्याला कुठल्याही क्लासचे दोन स्पेल उचलता येतात. त्याने काउंटरस्पेल (समोरच्याचा स्पेल मोडणारा) आणि फायरबॉल ठरवून ठेवले होते, महिनाभर त्याबद्दल बोलत होता. पुढच्या सेशनला आला तेव्हा त्याच्या शीटवर फायरबॉल खोडलेला होता आणि बाजूला रिव्हिव्हिफाय लिहिलेलं.

हिरा मी त्याच्याकडे दिला. आम्ही आता आठव्या लेव्हलला आहोत, नवी विझर्ड जिवंत आहे, आणि हिरा अजून त्याच्या यादीत पहिल्या ओळीवर आहे.