तळघरात सबवूफरचा पंच हरवतो तो डब्यामुळे नव्हे, खोलीमुळे

खर्जवेडा: ‘तळघरात पंच हवा तर पोर्टेड विका, सील्ड घ्या’ असं काल इथे कोणीतरी ठणकावून लिहिलंय. म्हणजे ठोक्याचा दणका हवा तर भोकवाल्या डब्याचा सबवूफर (खर्जाचा स्पीकर) विका आणि बंद डब्याचा घ्या. वाचून राहवलं नाही. मी नेमकं तेच केलं आणि पस्तावलो. किक ड्रम तसाच लोळत राहिला. खोली ५ मीटर लांब, चहूबाजूंनी काँक्रीट. म्हणजे लांबीचा पहिला मोड, ज्या सुरावर खोली स्वतःच घुमते तो, ३४ हर्ट्झला. काँक्रीट बेस शोषत नाही, परत फेकतं. सूर थांबला तरी खोली घुमत राहते आणि पुढचा ठोका त्यात बुडतो. शेवटी सबवूफर माझ्या ऐकायच्या खुर्चीवर ठेवला, गाणं लावलं आणि भिंतीकडेने रांगत ऐकलं. जिथे सगळे सूर सारखे वाटले तिथे तो हलवला. त्या दिवशी ठोका पहिल्यांदा छातीत बसला.

सीलबंद: ते मीच लिहिलं होतं, आणि मागे घेणार नाही. पोर्टेडचा ग्रुप डिले, म्हणजे सुराला होणारा उशीर, ट्यूनिंगजवळ (भोक ज्या सुरावर घुमतं तिथे) वाढतोच.

खर्जवेडा: ट्यूनिंग २० हर्ट्झला असेल तर डिलेही तिथेच वाढणार. किकचा दणका ६० च्या आसपास असतो.

शांतखोली: डब्यावरून कसले भांडता? आवाज शोषायला कोपऱ्यांत जाड रॉकवूल (दगडी लोकर) भरा.

ओलभिंत: हा सल्ला तळघरवाल्यांना देऊ नका हो! मी भरलं. पावसाळा संपेपर्यंत खोलीला कुबट वास आणि पॅनेलमागे काळी बुरशी. सगळं उचलून फेकावं लागलं.

शांतखोली: रॉकवूल पाणी धरून ठेवत नाही. बुरशी कापडावर नाहीतर लाकडी चौकटीवर आली असणार. भिंतीपासून फट सोडायची होती.

ओलभिंत: सोडली होती, चांगली चार बोटं! भिंत गार, हवा दमट, दव धरणारच. तुमची खोली जमिनीखाली आहे का?

शांतखोली: नाही, तळमजल्यावर आहे.

ओलभिंत: मग ओल काय असते ते तुम्हाला कसं कळणार? आधी आर्द्रता मोजा, डीह्युमिडिफायर लावा, मग लोकर.

शांतखोली: आर्द्रता मोजायला हवी, कबूल. पण म्हणून रॉकवूलच वाईट, हे मान्य नाही.

मोजपट्टी: ओलीचा वेगळा धागा काढा. ४० हर्ट्झची पाव तरंगलांबीच २ मीटरहून जास्त. तिथे १० सेंटिमीटर लोकर काय करणार? माइक लावून आरईडब्ल्यू या ध्वनी मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजा. ईक्यूने (सुरांची पातळी कमीजास्त करून) फुगवटा कापता येतो, खड्डा भरता येत नाही. जमल्यास दोन सब घ्या आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवा. हार्मन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टींनी २००२ मध्येच हे मांडलंय. अशा जोडीने ३४ चा तो मोड जवळजवळ उठतच नाही.

सीलबंद: दुसरा सब माझ्याकडे नाही. पण काल रात्री क्रॉसओव्हर (सब आणि स्पीकर यांच्यातली सुरांची सीमा) ८० हर्ट्झवरच ठेवून सबचा फेज, म्हणजे लाटेची दिशा, उलटून पाहिला. पंच आला. म्हणजे तीन वर्षं सब आणि स्पीकर एकमेकांना खोडत होते आणि मी डब्याचं कौतुक करत बसलो होतो. खर्जवेडा, एवढं तुमचं खरं. पोर्टेड मात्र माझ्या खोलीत येणार नाही.