थेट चालू फोल्डरवर आरसिंक

बिल्ड झाल्यावर, म्हणजे संकेतस्थळाच्या फाइली तयार झाल्यावर, आरसिंक (फाइली सर्व्हरवर चढवून दोन्हीकडच्या जुळवणारी आज्ञा) ‘डिलीट’ पर्यायासह, म्हणजे नव्या बिल्डमध्ये नसलेल्या फाइली पुसत, थेट सर्व्हरच्या चालू फोल्डरवर चालवले की पुरे, असे काही जण म्हणतात; लहान संकेतस्थळापुरते ते मान्य आहे. पण मी सांभाळत असलेल्या एका दिवाळी अंकाच्या संकेतस्थळावर ऐन प्रकाशनाच्या सकाळी, नावात हॅश (मजकुरावरून काढलेली, मजकूर बदलला की बदलणारी अक्षरे) असलेली जुनी सीएसएस फाइल, म्हणजे पानाची मांडणी ठरवणारी फाइल, पुसली गेली आणि जुनेच पान कॅशेत (ब्राउझरच्या साठ्यात) असलेल्या वाचकांना ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’, मिळून सारा अंक उघडाबोडका दिसला. तेव्हापासून हॅशवाल्या फाइली एका सामाईक फोल्डरात आधी चढवतो आणि जुन्या निदान आठवडाभर पुसत नाही.

एचटीएमएल मात्र दर वेळी तारखेच्या नव्या फोल्डरात जाते आणि शेवटी फक्त ‘करंट’ ही सिमलिंक, म्हणजे सर्व्हरने कोणत्या फोल्डरातली पाने दाखवायची हे सांगणारी लिंक, तिकडे वळवली जाते. इथे एक बारकावा आहे: लिंक करणारी ‘एलएन -एसएफएन’ ही आज्ञा लिनक्सवरच्या २०१७ पूर्वीच्या आवृत्त्यांत जुनी लिंक काढून मग नवी करत असे, आणि इतर काही प्रणालींवर अजूनही तसेच करते; त्यामुळे तिथे मध्ये क्षणभर लिंकच नसण्याची शक्यता उरते. लिनक्सवर तात्पुरत्या नावाने लिंक करून ‘एमव्ही -टी’ या नाव बदलणाऱ्या आज्ञेने ती जुनीवर सरकवली, तर बदल एका दमात होतो. मागे फिरायचे असल्यास हीच लिंक आधीच्या फोल्डराकडे वळवावी, पुन्हा बिल्ड करत बसावे लागत नाही.