शब्दचर्चा : ‘असहिष्णू’ म्हणावं की दुसरा शब्द शोधावा?

पिंपळपान :
आमच्या चर्चच्या मंडळीच्या त्रैमासिकासाठी अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चबद्दलचा एक मजकूर मराठीत आणते आहे आणि एका शब्दापाशी चार दिवस अडले आहे. समलैंगिक आचरण ‘ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत’ आहे, असं वाक्य या चर्चच्या नियमपुस्तकात १९७२ साली आलं. नंतर जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात त्यावर भांडण झालं. आपल्या मुलाचं त्याच्या जोडीदाराशी लग्न लावून दिलं म्हणून २०१३ मध्ये एका पाळकाची दीक्षा काढून घेतली, ती पुढच्या वर्षी परत मिळाली. २०२४ च्या मे महिन्यात शार्लट इथल्या अधिवेशनाने ते वाक्यच काढून टाकलं. तोवर अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या, बहुतेक असा बदल नको म्हणून, बाहेर पडल्या होत्या.

मूळ मजकुरात बाहेर पडणाऱ्यांच्या वृत्तीसाठी जो शब्द आहे, ‘इनटॉलरन्स’, त्याला मराठीत सरळ ‘असहिष्णुता’ म्हणतात. मी तसं लिहिलं आणि घरी वाचून दाखवलं. आमच्या नात्यातले एक पाळकसाहेब दुखावले. “मी कुणाला उपासनेतून उठवलं नाही, कुणाला वाईट बोललो नाही. मला पटत नाही एवढंच. मग मी असहिष्णू कसा?” शेजारी माझा मामेभाऊ बसला होता. तो गे आहे आणि हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तो म्हणाला, “ते सहिष्णूच आहेत. मला सहन करतात.” त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

या दोघांनाही खरा वाटेल असा शब्द आहे का?

अक्षरमोट :
ताई, तुमच्या भावाने व्युत्पत्तीवरच बोट ठेवलं आहे. ‘सहिष्णू’ हा शब्द ‘सह्’ धातूवरून आला. सह् म्हणजे सोसणं, भार पेलणं. इंग्रजी शब्दामागच्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही तोच. म्हणजे दोन्ही भाषांत सहिष्णुता दाखवायची तर समोर आधी ओझं हवं. गीतेत ‘तांस्तितिक्षस्व भारत’, म्हणजे ‘अर्जुना, ते सोस’, म्हटलं आहे ते थंडी-ऊन, सुख-दुःख यांबद्दल. तितिक्षा उन्हाबद्दल ठीक आहे. माणसाबद्दल हा शब्द वापरला की तो माणूस ऊन होतो.

मराठी वर्तमानपत्रांत ‘असहिष्णुता’ २०१५ च्या पुरस्कारवापसीच्या वेळी इतका वापरला गेला की आता तो ऐकताच लोक बाजू धरून बसतात. नेमकं काय घडलं, हे त्यातून कळत नाही.

दीपमाळ :
मी पाळकसाहेबांच्या बाजूचा आहे, आणि मनापासून आहे. लग्न स्त्री आणि पुरुषाचं, असं मी शास्त्रातून शिकलो आणि तसंच मानतो. याला द्वेष म्हटलं की माझ्याशी बोलणंच संपतं. ‘पापाचा द्वेष करावा, पाप्याचा करू नये’ हे आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. ‘असहमती’ हा साधा शब्द का नको?

अक्षरमोट :
ते वचन मुळात जुन्या काळचा ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीन याच्या पत्रातलं आहे. एका मठातल्या धर्मभगिनींना त्याने लिहिलं होतं : चुकणारीला शासन करताना माणसांबद्दल माया आणि दोषांचा तिटकारा ठेवा. बोलणं एका घरात राहणाऱ्यांमधलं आहे आणि दोष म्हणजे बदलता येणारी वागणूक. जी गोष्ट माणूस स्वतःपासून वेगळी काढू शकत नाही, तिला तेच वचन लावलं तर द्वेष कुठे थांबतो आणि माणूस कुठे सुरू होतो, हे त्याने कसं ओळखायचं? तुम्ही प्रामाणिक आहात, याबद्दल शंका नाही. ऐकणाऱ्याच्या कानात काय पडतं, ते सांगतो आहे.

जैतुनाची फांदी :
मी मराठी बायबलच्या बाजूने लिहिते, कारण अर्धा घोटाळा भाषांतरातच आहे.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, नवव्या वचनात देवाच्या राज्याचं वतन न मिळणाऱ्यांची यादी आहे. तिथे दोन ग्रीक शब्द शेजारी येतात. पहिला ‘मलाकोई’, शब्दशः ‘मऊ’. मत्तयच्या अकराव्या अध्यायात राजवाड्यातल्या लोकांच्या तलम कपड्यांसाठी हाच शब्द आहे. दुसरा ‘आर्सेनोकोइताई’ : ‘पुरुष’ आणि ‘शय्या’ यांचा जोड. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या आधी तो कुठे सापडत नाही. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या ग्रीक भाषांतरातले दोन शब्द जोडून त्यानेच तो घडवला असावा, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. पौलाला त्यातून नक्की कोण अभिप्रेत होते, बळजबरी करणारे, पोरांना विकत घेणारे, की सगळेच, यावर आजही एकमत नाही.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक लूथरच्या जर्मन बायबलात दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘मुलग्यांना भ्रष्ट करणारे’ असा होतो. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या एका मान्यवर इंग्रजी आवृत्तीने दोन्ही शब्दांचा मिळून एकच शब्द केला : आज आपण ‘समलैंगिक’ म्हणतो तो. मुळात हा शब्द कर्टबेनी नावाच्या लेखकाने जर्मनमध्ये घडवला आणि तो १८६९ मध्ये छापला गेला. म्हणजे पहिल्या शतकातल्या पत्रात एकोणिसाव्या शतकातली माणसांची जात जाऊन बसली. पुढच्या आवृत्त्यांनी तो शब्द बदलला, पण तोवर दोन पिढ्यांनी तोच ऐकला होता. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते साध्या बाईला समजावं म्हणून. शब्द मुळापर्यंत जाऊन तपासावा लागतो, हे त्यांना कळलं होतं.

‘अनैसर्गिक’चंही असंच. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात ‘पारा फ्युसिन’, म्हणजे निसर्गाविरुद्ध, असं म्हटलं आहे आणि तेवढंच सगळ्यांना पाठ असतं. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात तीच शब्दयोजना देवाबद्दल आली आहे : रानटी जैतुनाची फांदी निसर्गाविरुद्ध चांगल्या जैतुनाला कलम केली. परराष्ट्रीयांना, म्हणजे ज्यू नसलेल्या आपल्याला, देवाने असंच आत घेतलं. कलम बांधणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे कुणीही समजावून सांगायला नको.

आणि ज्या पत्रात ती यादी आहे, त्याच पत्रात पुढे ‘प्रीती सहनशील आहे’ येतं. आपण लग्नात वाचतो ते. तिथलं ग्रीक क्रियापद राग लांबवण्याचं, धीर धरण्याचं आहे. समोरच्याला ओझं समजण्याशी त्याचा संबंध नाही.

वाटाड्या :
एक भेद राहतो आहे : पाप आणि गुन्हा. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की समलैंगिक असणं गुन्हा नाही. त्याला पाप म्हणतात, पण आधी पाप आणि गुन्हा यांत फरक करू या, आणि एकमेकांबद्दल माया नसणं हेही पापच आहे. आपल्याकडे डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवलं, तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांनी समलिंगी माणसांना चर्चने कधी गुन्हेगार मानलेलं नाही, असं म्हटलं होतं. त्याच खटल्यात कलम राहावं म्हणून न्यायालयात गेलेल्यांमध्ये काही ख्रिस्ती संघटनाही होत्या. दोन्ही बाजूंना ख्रिस्तीच. हे कलम ब्रिटिशांनी १८६० मध्ये आणलं. दोन प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांपुरतं ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी गेलं.

युगांडात समलैंगिकतेविरुद्धच्या २०२३ च्या कायद्यात जन्मठेप आणि काही प्रकरणांत फाशी आहे. तिथल्या अँग्लिकन आर्चबिशपांनी कायद्याचं स्वागत केलं आणि इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या आर्चबिशपांनी, म्हणजे अँग्लिकन पंथाच्या प्रमुखांनी, त्यांना या पाठिंब्याचा फेरविचार करायला सांगितलं. तिथे ‘असहिष्णुता’ फार मवाळ पडतो. तो छळ आहे. छळच लिहा.

दीपमाळ :
छळाला छळ म्हणायला माझी ना नाही. जैतुनाचं वचन मी अनेकदा वाचलं आहे, पण ते शब्द तिथेही आहेत हे लक्षात आलं नव्हतं. लग्नाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

खाडीकाठ :
मी वसईचा, कॅथलिक, गे. वयाच्या सोळाव्या वर्षापासून प्रवचनात ‘विकृत’ हा शब्द ऐकत आलो. मिस्सा कधी चुकवली नाही. धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात माझ्यासारख्यांना आदराने, करुणेने, हळुवारपणे स्वीकारावं आणि अन्याय्य भेदभाव करू नये, असं १९९२ पासून छापलेलं आहे. त्याच्या अगोदरच्याच परिच्छेदात आमच्या कृतींना मुळातूनच अव्यवस्थित म्हटलं आहे. मी दोन्ही वाचले आहेत. लोकांना एकच माहीत असतो.

इथे सगळे विचारताहेत की चर्चने सोसायचं की नाही. पंचवीस वर्षं त्या बाकावर बसून सोसलं कुणी? मराठीत त्याला शब्द आहे, ‘सोशिक’. तो आम्हाला लागू होतो, मंडळीला नाही.

पिंपळपान :
खाडीकाठ, तुमचं लिहिणं मामेभावाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “वसईला जाऊन येऊ या का?”

मजकुरातून ‘असहिष्णुता’ काढला. जिथे शिकवणुकीचा वाद आहे तिथे ‘अमान्य’, दीक्षा नाकारली तिथे ‘दीक्षा नाकारली’, माणूस तोडला तिथे ‘वाळीत टाकलं’. पाळकसाहेबांनी काल मसुदा वाचला. ‘अमान्य’वर ते काही बोलले नाहीत. ‘वाळीत टाकलं’खाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारलं, “हे आपल्याकडे कुणाच्या बाबतीत झालंय?” मी एक नाव सांगितलं. त्यांनी रेघ पुसली.